कोंबडीवरची बारीक अक्षरं

...आणि वर छापलंय काय, तर 'नैसर्गिक कोंबडी'. नैसर्गिक! अहो, मग बाकीच्या काय विणकामाच्या वर्गातून येतात? तुम्हाला सांगतो, मी त्या दुकानातल्या गारठलेल्या कपाटासमोर उभा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पाकीट हातात, बोटं बधिर, आणि डोक्यात एकच विचार, की ज्या अर्थी ह्या मंडळींनी 'नैसर्गिक' असं मुद्दाम छापलं आहे, त्या अर्थी शेजारच्या पाकिटात, ज्याच्यावर तसं छापलेलं नाही, त्याच्यात नेमकं आहे तरी काय? म्हणून ते उचललं, तर त्याच्यावर 'ताजी'. म्हणजे जी नैसर्गिक ती ताजी नाही आणि जी ताजी ती नैसर्गिक नाही, असं समजायचं? तिसरं उचललं, त्याच्यावर दोन्ही शब्द नाहीत, नुसतंच 'उत्कृष्ट'. आता ह्याचा अर्थ माणसाने काय घ्यायचा?

तुम्ही म्हणाल, एवढं वाचत बसायचं कशाला, उचलायचं पाकीट आणि चालू पडायचं. ते आपल्याला जमेल. मला जमत नाही, कारण मी वाचणारा माणूस आहे. शाळा माझी लवकर सुटली हे खरं, पण वाचन सुटलेलं नाही. उभी हयात मी एका कचेरीत लिफ्ट चालवली, आणि वरच्या साहेबांनी टाकून दिलेली पुस्तकं, अहवाल, मासिकं, जे हाती आलं ते त्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचून काढलं. माझा सगळा व्यासंग वर-खाली जाता-येता झालेला आहे. आणि त्याच्याही आधीची माझी पाठशाळा म्हणजे आमच्या गल्लीतला कोंबडीवाला. हसू नका. तो मांस बांधून द्यायचा वर्तमानपत्रात, आणि मी लहानपणापासून तो कागद घरी आल्यावर सोडवून, पुसून, वाळवून वाचायचो. एका खटल्याची हकिकत मी अशी वाचलेली आहे की अंगावर काटा यावा. निकाल काय लागला ते मात्र आजतागायत कळलेलं नाही, कारण निकालावर कलेजी होती.

त्या दुकानात आधी म्हातारा बसायचा, मग त्याचा मुलगा बसू लागला, आणि तो मुलगाही आता माझ्याच वयाचा. त्याच्याकडे लेबल-बिबल काही नव्हतं. तो नुसता म्हणायचा, "घ्या मास्तर, आजची आहे." मास्तर मला सगळेच म्हणतात, मी कोणालाही शिकवलेलं नसताना. तर, "आजची आहे." बस्स. मी कधी विचारलं नाही की बाबा रे, आजची म्हणजे काय, आज जन्मली, आज आली की आज गेली? तो म्हणायचा आजची, आमची सौभाग्यवती शिजवायची, आम्ही खायचो, आणि कागद मी वाचायचो. सगळं सुरळीत चाललं होतं. पण त्याचे गुडघे गेले, त्याने दुकान बंद केलं, आता तिथे मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. काचा उकळून प्यायच्या का?

आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. झालं व्यवस्थित, तक्रार नाही. पण घरी आली ती अन्नावरची वासना घालवूनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात ताकद यायला हवी. कोंबडीचं सूप द्या, मऊ शिजलेलं मांस द्या, रोज द्या." आता स्वयंपाक मला येतो असं मी म्हणणार नाही, पण सूप मी वाचून शिकलो. प्रश्न सुपाचा नव्हता. प्रश्न होता आमच्या मुलीचा. ती राहते परगावी, स्वभावाने तिच्या आईवर गेलेली, म्हणजे बोलायला लागली की आपण फक्त मान हलवायची. तिचा फोन. "बाबा, आई काही खात नाहीये असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मी रविवारी येते. तोवर ती धड जेवायला लागली नसेल ना, तर सरळ तिला इकडे घेऊन येते. बरी होईपर्यंत राहील माझ्याकडे."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तुम्ही कसे येणार बाबा? तुमच्या पुस्तकांना इथे जागा कुठाय?"

बघा. मी विचारलं माझ्याबद्दल, उत्तर मिळालं पुस्तकांबद्दल. बरी होईपर्यंत म्हणजे किती काळ, ह्यावर काही छापील खुलासा आहे का? नाही. एकदा लेकीच्या घरी नातवंडांत रमलेली बाई परत ह्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, हो, मी लिफ्टमन आणि माझ्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यावर आपण नंतर बोलू... परत येईल कशावरून? तेव्हा माझ्यापुढे एकच काम होतं. रविवारच्या आत बायकोने वाटीभर सूप प्यायला हवं. त्यासाठी मी त्या मोठ्या दुकानात गेलो, आणि तिथे मला ती नैसर्गिक, ताजी आणि उत्कृष्ट अशा तीन निरनिराळ्या कोंबड्या भेटल्या.

आता पुढे ऐका. चौथ्या पाकिटावर चित्र. हिरवं कुरण, लाल कौलांचं घर, मागे डोंगर, आणि पुढे कोंबडी. हसणारी! मी चष्मा पुसून पाहिलं. हसतच होती. अहो, तिच्याच मांसाच्या पाकिटावर ती हसते आहे, कशाबद्दल? खाली ठळक अक्षरांत 'मोकळ्या वातावरणात वाढवलेली', आणि त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'चित्र केवळ सजावटीसाठी'. सजावटीसाठी नेमकं काय? कुरण, डोंगर, की हसणं? पाचव्यावर लिहिलेलं, 'संप्रेरकमुक्त', म्हणजे वाढीची इंजेक्शनं वगैरे दिलेली नाहीत. मला बरं वाटलं. मग बारीक अक्षरं वाचली, तर तिथे म्हणतात, कोणत्याच कोंबडीला संप्रेरकं देण्याची कायद्याने परवानगी नाही. मग बढाई कसली मारता? उद्या मीही माझ्या दारावर पाटी लावतो, 'येथे राहणारा गृहस्थ दरोडे घालत नाही.' लोकांना काय वाटेल? लोक शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागतील!

सहाव्यावर 'शाकाहारी आहारावर पोसलेली'. तुम्हाला सांगतो, मी कोंबड्या पाहिलेल्या आहेत. कोंबडी किडा दिसला की सोडत नाही. तेव्हा ह्या कोंबडीने एक तर व्रत घेतलं होतं, नाही तर तिला किडा दिसेल अशा जागी कधी जाऊच दिलेलं नव्हतं. मग ती मोकळ्या वातावरणातली आहे की नाही? म्हणजे मोकळी घ्यावी तर तिच्या पोटात किडे, शाकाहारी घ्यावी तर ती कोंडलेली. आता ह्याचा अर्थ माणसाने काय घ्यायचा?

तिथे डोक्याला जाळी बांधलेले एक गृहस्थ पाकिटं लावत होते. म्हणाले, "काका, काय शोधताय मघापासून?"

मी म्हटलं, "अर्थ."

ते म्हणाले, "तो दोन नंबरच्या रांगेत असेल, बिस्किटांच्या पलीकडे."

मी म्हटलं, "अहो गृहस्था, शब्दाचा अर्थ. ह्या सगळ्यांत फरक काय आहे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काका, मला विचाराल तर सगळी सारखीच."

"मग लेबलं वेगळी का?"

"लेबलं वेगळी असतात ना, म्हणून वेगळी ठेवावी लागतात." आणि गेले ढकलगाडी ढकलत.

एवढ्यात एक बाई आल्या, न थांबता, न वाचता, झपकन एक पाकीट उचललं. मला राहवलं नाही. "क्षमा करा, आपण हेच का घेतलंत?"

"हिरवं आहे म्हणून."

मी दचकलो. "कोंबडी?"

"लेबल हो. हिरवं असलं की चांगलं असतं."

"कोण म्हणतं असं?"

"म्हणजे काय, हिरवंच आहे ना ते." झालं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. त्यांच्या मागून एक टायवाले साहेब आले, त्यांनी ते हसऱ्या कोंबडीचं पाकीट उचललं आणि चटका बसल्यासारखं परत ठेवलं. मला म्हणाले, "डोळे आहेत हो हिला. मला डोळे असलेलं खाववत नाही." आणि ज्याच्यावर कोंबडीचं नाव आहे, रूप नाही, असं नुसत्या गुलाबी तुकड्यांचं पाकीट घेऊन गेले. म्हणजे एकीला चित्र आहे म्हणून विश्वास वाटतो, दुसऱ्याला चित्र आहे म्हणून घास उतरत नाही, आणि वाचत दोघंही नाहीत. वाचणारा त्या अख्ख्या दुकानात मी एकटा, आणि रिकाम्या हाताने उभाही मी एकटा.

आणि तिथेच मला त्या ताई भेटल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटी, पाटीला कागद, कागदाला दोरीने बांधलेलं पेन. "सर, दोन मिनिटं आहेत का? मांसाच्या पाकिटांवरच्या लेबलांबद्दल ग्राहकांची मतं घेतोय आम्ही."

तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात मला कोणी असं विचारलेलं नाही. मी पाठ ताठ केली. म्हटलं, "विचारा."

"तुम्ही लेबल वाचता का? नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही?"

मी म्हटलं, "ताई, दुकान उघडल्यापासून मी वाचतो आहे आणि अजून सहाव्या कोंबडीवर आहे. हे आपल्या कुठल्या चौकोनात बसतं?"

"नेहमी," असं म्हणत त्यांनी खूण केली. "लेबल वाचल्यावर तुमचा उत्पादनावरचा विश्वास वाढतो, कमी होतो, की तेवढाच राहतो?"

"मोठी अक्षरं वाचताना वाढतो. बारीक अक्षरांत आल्यावर उतरतो. मग तारखा येतात. ह्या तारखेपूर्वी विकावी, ह्या तारखेपर्यंत उत्तम, ह्या तारखेनंतर वापरू नये. 'उत्तम' संपल्यापासून 'वापरू नये' सुरू होईपर्यंतच्या दिवसांत ती कोंबडी काय असते, मध्यम? तर त्या तारखांशी माझा विश्वास नुसता अधांतरी लटकतो."

"सर, एकच सांगायचं."

"अहो, पण एकच नाही ना ते."

"मग 'सांगता येत नाही' लिहू का? आहे तसा चौकोन."

मला ते झोंबलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "ताई, मला समजत नाही असं आजवर पुष्कळांनी म्हटलेलं आहे, पण मला सांगता येत नाही असं एकानेही म्हटलेलं नाही. हा चौकोन माझा नव्हे." त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "राहू दे सर, तो प्रश्न रिकामा ठेवते, तुम्ही परत आलात की बघू." मी शेवटी ती मोकळ्या वातावरणातली हसरी घेऊन घरी आलो.

सूप केलं. वाटीत वाढलं. सौभाग्यवतीला उशा देऊन बसवलं, आणि आपण जे खातो आहोत त्याची रुग्णाला माहिती असलीच पाहिजे, म्हणून पाकीट हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. आमच्याकडे ती पद्धतच आहे. औषध आणलं की त्याच्या खोक्यातला घडीचा कागद मी आधी पूर्ण वाचून दाखवतो, मगच गोळी. तर मी वाचलं, "'ही कोंबडी हिरव्यागार परिसरात, पुरेशा सूर्यप्रकाशात, ताणरहित आनंदी जीवन जगलेली आहे.'"

तिने चमचा तोंडापाशी नेला होता, तो खाली ठेवला. म्हणाली, "एवढी सुखात होती, तर मारली कशाला?"

आता ह्याला उत्तर काय? मी पाकीट उलटं करून पाहिलं. मागे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते सुखदुःख नकोच म्हणून शास्त्रीय पाकीट आणलं. चित्र नाही, कुरण नाही. वाचलं, "'प्रतिजैविकांशिवाय वाढवलेली, पूर्णतः निरोगी.'"

"प्रतिजैविकं म्हणजे त्या मला देतात त्या गोळ्याच ना?"

"अगदी त्याच."

"म्हणजे ती न घेता धडधाकट होती, आणि मी सकाळ-संध्याकाळ घेऊन ही अशी." चमचा खाली. "त्या बिचारीला खाऊन मी काय मिळवणार? न्या ते."

तिसऱ्या दिवशी मी फक्त तारखा आणि वजन वाचायचं ठरवलं. त्यात वाद कसला? वाचलं, "'वजन, धरून ठेवलेल्या पाण्यासह.'"

तिने विचारलं, "कोणी धरून ठेवलं?"

मी म्हटलं, "कोंबडीने असावं. खुलासा नाही."

"माझ्या पायांवर सूज आहे, अंगात पाणी धरलंय म्हणून डॉक्टरीणबाई ओरडतात, आणि तुम्ही मला पाणी धरलेली कोंबडी घालताय?" चमचा खाली. वर म्हणते, "ह्या पाकिटातल्याला काही चवच नाही. आपल्या कोंबडीवाल्याची काय गोड असायची."

चव नाही! तुम्हाला सांगतो, चमचा ओठांना लागलेला नव्हता. न चाखता चव नाही, न वाचता हिरवं चांगलं, न पाहता डोळे नकोत. आता ह्याचा अर्थ माणसाने काय घ्यायचा? आणि तिकडे रविवार आला तोंडावर. कपाटाच्या माथ्यावर तिची प्रवासाची बॅग असते, तिच्याकडे माझं लक्ष जायला लागलं. ज्या बॅगेकडे मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, ती मला ताट वाढताना दिसे, दिवा मालवताना दिसे. तिच्यावरही लेबल आहे, मागच्या प्रवासाचं, अर्धं फाटलेलं. ते मात्र मी वाचलं नाही.

आणि मग मला युक्ती सुचली. तिला कोंबडीवाल्याची हवी ना? त्याच्या कोंबडीला कोंबडीवाल्याची म्हणायचं कशावरून? कागदावरून! दुसरी खूण होतीच कुठे? म्हणून शनिवारी मी निघताना एक जुनं वर्तमानपत्र आणि थोडा सुतळीचा दोरा खिशात घातला. वर्तमानपत्र निवडण्यातच माझा तास गेला, कारण ज्यातलं सगळं वाचून झालेलं आहे आणि ज्याचा विरह सोसेल असं एकही सापडेना. शेवटी एका आहारतज्ज्ञाच्या लेखाचं पान काढलं. त्या लेखावर मी समासात पेन्सिलीने शेरे मारलेले होते, 'पुरावा काय?', 'हे घशाखाली उतरत नाही', वगैरे. ते पान गेलं तरी चालण्यासारखं होतं.

दुकानातून हाताला लागलं ते पाकीट घेतलं. हिरवं होतं, मी कबूल करतो. बाहेर बसथांब्याच्या बाकावर बसलो आणि त्याचं आवरण काढायला लागलो. आवरण निघालं, पण ते लेबल... अहो, काय गोंद लावतात? एका बोटावरून काढलं की दुसऱ्या बोटावर, दुसऱ्यावरून काढलं की तळहातावर, झटकलं, घासलं, एकदाचं दिसेनासं झालं. शेजारी बसलेल्या बाई हळूहळू सरकत सरकत बाकाच्या टोकाला गेल्या आणि बस नसतानाच उठल्या. आपलं काय जातंय? मी आतल्या पिशवीला कागद गुंडाळला, सुतळी बांधली, अगदी त्याच्यासारखी, आडवी-उभी गाठ. घरी येताना जिन्यात खालच्या मजल्यावरचे शिंपी भेटले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय मास्तर, आज भलतेच मोकळे मोकळे!" मला वाटलं, चेहऱ्यावरून म्हणताहेत. पुढे पहिल्या मजल्यावरच्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, त्यांचा स्वभाव आहे.

घरात गेलो, पुडकं तिच्यासमोर धरलं. तिने पुडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "कुठून?"

"तो आपला कोंबडीवाला..." मी म्हटलं, "घरच्या घरी, ओळखीच्यांना... देतो म्हणे. आजची आहे."

आजची आहे! किती सहज बाहेर पडलं तोंडातून. मला उगाच वाटायचं की तो माणूस विचार करून बोलत असेल.

सूप केलं, वाढलं, आणि गप्प बसलो. वाचायला काही नव्हतंच. आणि तुम्हाला सांगतो, ती प्यायली. एक चमचा, दुसरा चमचा, मग वाटीच तोंडाला लावली. वरून मांसाचा तुकडा मागून घेतला. "बघा, चव कशी आहे," म्हणाली. मी मोरीत जाऊन डोळे धुऊन आलो. कांदा चिरला होता मघाशी, दुसरं काही नाही.

रविवारी मुलगी आली ती हातात रिकामी बॅग घेऊनच, म्हणजे कपाटावरच्या बॅगेवर अवलंबून नव्हतीच. आईच्या खाटेवर बसून तिने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, किती खाते, कधी खाते, कोण बघतं. आणि खाटेवरून आवाज, "अहो, कालचं ते सूप आहे का अजून? हिलाही द्या, मलाही द्या." माझी छाती कशी भरून आली! मुलगी चकित. दोन घोट घेऊन म्हणते, "बाबा, खरंच छान झालंय. कुठली आणलीत?"

"आपल्या जुन्या कोंबडीवाल्याकडची," मी म्हटलं. एकदा सांगून झालेलं होतं, दुसऱ्यांदा सोपं जातं.

आणि दारावर टकटक. कोण असावं? सांगा पाहू. तोच. कोंबडीवाला. काठी टेकत, तीन जिने चढून, घाम पुसत. "वहिनी आजारी आहेत असं काल समजलं, म्हटलं बघून यावं. किती महिन्यांत गाठ नाही मास्तर आपली!"

किती महिन्यांत गाठ नाही. हे शब्द. माझ्या मुलीसमोर. आणि एवढ्यावर थांबावं ना माणसाने? त्याने पिशवीत हात घातला आणि बाहेर काढलं ते चकचकीत पाकीट. हिरवं. "रिकाम्या हाताने कसं यायचं? ही घ्या. मी आता त्या मोठ्या दुकानातूनच आणतो."

मी विचारलं, "तुम्ही? तुम्ही स्वतः? आणि हेच पाकीट का?"

म्हणाला, "हिरवं असलं की चांगलं असतं म्हणतात."

सगळी हयात कोंबड्यांत घालवलेला माणूस! आता ह्याचा अर्थ माणसाने काय घ्यायचा?

मुलगी उभी राहिली. "बाबा, मग हे सूप कशाचं आहे? तुम्ही आईशी खोटं बोललात? ती आजारी असताना? आई, ऊठ. तू चल माझ्याबरोबर. इथे तुला कोण काय खायला घालतंय त्याचाही भरवसा नाही." आणि बॅगेची चेन उघडली. तो आवाज... जाऊ द्या.

आणि आमची सौभाग्यवती वाटीतलं शेवटचं सूप चमच्याने गोळा करत होती. ते संपवलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मिट ती बॅग. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. ते आले तेव्हा त्यांच्या कोपराला चिकटलं होतं." आणि मान तिरपी करून, अगदी माझ्यासारखा आवाज काढून वाचल्यासारखं म्हणाली, "'मोकळ्या वातावरणात वाढवलेली. शीतपेटीत ठेवा. हाताळल्यावर हात धुवा.' आणि कागदावर ह्यांच्याच पेन्सिलीने लिहिलेलं, हे घशाखाली उतरत नाही."

मी शर्टाची बाही वळवून पाहिली. शनिवारचाच शर्ट. तिथेच होतं. शिंपी, पहिल्या मजल्यावरच्या बाई, सगळ्यांनी वाचलं होतं. उभ्या इमारतीत ते न वाचणारा मी एकटा.

मी म्हटलं, "अगं, मग तुला ठाऊक होतं की ती दुकानातली आहे, तीच, तुझ्या मते चव नसलेली, तर तू प्यायलीस कशी?"

ती म्हणाली, "तुम्ही गप्प होतात ना."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वाचून दाखवलं नाहीत. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा घरात कोणी काही वाचलं नाही. गरम सूप होतं, शांतता होती. भूक लागली मला."

मुलगी हसायला लागली, तो कोंबडीवाला काठीवर रेलून हसायला लागला, आणि मी मध्ये उभा, कोपरावर लेबल घेऊन. मुलगी म्हणाली, "आई, तू येणार नाहीस मग?"

"नाही गं. ह्यांना एकट्याला ठेवलं तर पिठाच्या पिशवीशी बोलत बसतील. पण एक अट आहे." माझ्याकडे वळली. "दुकानात काय वाचायचं ते वाचा. दिवसभर वाचा. पण उंबऱ्याच्या आत लेबल येता कामा नये. ना हातात, ना तोंडात."

मान्य केलं. करणार काय? बॅग गेली लेकीबरोबर, रिकामी, आणि कपाटावरची जिथल्या तिथे राहिली. वजन वाढतंय सौभाग्यवतीचं, डॉक्टरीणबाई खूश आहेत. मी रोज सूप करतो आणि भिंतीकडे बघत बसतो. कोंबडी हिरवी असते, नैसर्गिक असते, ती पाणी धरते की सोडते, मला सगळं पाठ आहे, ओठांपर्यंत येतं, आणि गिळतो. सूप ती पिते, गिळतो मी.

काल त्या पाटीवाल्या ताई परत भेटल्या. म्हणाल्या, "सर, तुमचा तो एक प्रश्न रिकामा राहिलाय. लेबल वाचल्यावर विश्वास वाढतो, कमी होतो, की तेवढाच राहतो?"

मी चष्मा पुसला. मग म्हटलं, "ताई, तो चौकोन आहे का अजून? 'सांगता येत नाही'?"

"आहे ना."

"त्याच्यावर करा खूण. मला सगळं समजतं असं माझं आजही म्हणणं आहे. पण आमच्या घरी सांगता येत नाही."

म्हणून तर तुम्हाला सांगतोय. बसा हो, उठता कशाला? मिठाच्या पुड्यावर मागच्या बाजूला काय छापलंय, ते तर अजून राहिलंच...